नववीचा पट: जिल्हा परिषद प्रशालेच्या आराखड्यासाठी मदत हवी आहे

बालाघाट | २९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. गावात जिल्हा परिषदेची प्रशाला आहे, पाचवी ते दहावी. मी तिथेच शिकलो. आता गावातच खत-बियाण्याचं दुकान आहे. मुलगी यंदा नववीत गेली आणि शाळेच्या समितीवर पालक सदस्य म्हणून माझं नाव आलं. पुढच्या तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करायचा आहे. त्याचा छापील नमुना मिळाला. वर्गखोल्या, स्वच्छतागृह, संरक्षक भिंत, संगणक, सगळ्याला रकाने आहेत. मुलांची प्रगती शेवटच्या पानावर, दोन ओळींत.

यंदा दहावीला आमची ३१ मुलं बसली, २९ पास झाली. फाटकावर फ्लेक्स लागला, ९३.५५ टक्के. राज्याचा निकाल ९४.१० होता, म्हणजे आपली शाळा राज्याच्या बरोबरीची, असं सगळ्या गावाला वाटलं. मलाही वाटलं आणि अभिमानही वाटला.

काल शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गशिक्षकांबरोबर ऑफिसात बसलो होतो. म्हटलं, सर, हीच मुलं आठवीत होती तेव्हाचा हजेरीपट निघेल का? त्यांनी कपाटातून २०२२-२३ चा पट काढला. मी बोर्डाच्या यादीतलं नाव वाचायचं, त्यांनी पटावर टिक करायची. ३१ टिका झाल्या आणि पटावर १५ नावं तशीच उरली. आठवीत ४६ मुलं होती.

मग एकेक नाव घेऊन बसलो. चौघं दाखला काढून तालुक्याच्या शाळेत गेली, ती शिकताहेत, त्यांची काळजी नाही. दोघांनी १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा, फॉर्म भरला. तीन मुलींची लग्नं झाली. एक जण पुण्याकडे हॉटेलात कामाला आहे. पाच जण आईवडिलांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्याला गेली ती शाळेत परत आलीच नाहीत. म्हणजे ही चार सोडली तर अकरा मुलं गळाली, आणि त्यांतली नऊ नववीत.

सरांनी नववीचाही पट काढला. दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या ओळी भरलेल्या. नोव्हेंबरच्या पानावर एकदम 'गै, गै, गै' अशी रांग. काही नावांपुढे सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं, 'आईवडील कारखान्याला'. मी ते पान बराच वेळ बघत होतो. त्यातला एक मुलगा माझ्या दुकानात पोती उतरवायला येतो. शाळेतून नाव कमी झालंय हे मला माहीत होतं. का झालं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की आराखडा या पानापासून सुरू व्हावा. पण नेमकं काय लिहावं, कुठून हात घालावा, ते कळत नाही. ज्यांनी असं काही केलंय किंवा भोगलंय, त्यांनी लिहावं.

---

कोरा_फळा | २९ जून, रात्री १०:१५

पोटतिडकीने लिहिलंय. एक शंका. आठवीपर्यंत तीच मुलं, तेच आईवडील, तोच ऊस. मग मुलं नववीतच का गळतात?

---

खडू_डस्टर | ३० जून, सकाळी ६:५०

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत होतो, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. कोरा_फळा यांचा प्रश्न नेमका आहे, त्यालाच उत्तर देतो.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. त्यामुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेत धरून ठेवणाऱ्या ज्या गोष्टी आहेत त्या नववीच्या पहिल्या दिवशी एकदम सुटतात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. गणवेश आठवीपर्यंत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात जी हंगामी वसतिगृहं चालतात तीही याच वयोगटासाठी. आणि याच वर्षी गणिताची दोन पुस्तकं होतात, भाग एक आणि भाग दोन.

खिचडीची गोष्ट लोकांना किरकोळ वाटते, म्हणून जरा सांगतो. माझ्या शाळेत मधल्या सुट्टीत आठवीची पोरं ताटं घेऊन रांगेत बसायची आणि नववीची पोरं मागे नळापाशी उभी राहायची. डबा आणलेले वर्गात जाऊन खायचे. न आणलेले पाणी पिऊन मैदानात जायचे. त्यांतले काही दुपारनंतर दिसायचे नाहीत. आईवडील घरी असतील तर डबा असतो. आईवडील उसाच्या फडावर आणि घरी थकलेली आजी असेल तर कुठला डबा? आम्ही ताई-मावशींना सांगून वाढवून शिजवायचो, हिशेबात बसत नव्हतं तरी. दोन वर्षं केलं, मग बदली झाली.

तेव्हा बालाघाट, तुमच्या आराखड्यात पहिली ओळ ही लिहा: नोव्हेंबर ते मार्च, नववी-दहावीच्या ज्या मुलांचे आईवडील गावात नाहीत त्यांना दुपारचं जेवण. किती मुलं, किती दिवस, किती खर्च, आकड्यांसकट. हा ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला विषय आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवायला सांगा.

जाता जाता एक सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की बहुधा एखाद्या संस्थेचं असतं. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या, म्हणून आपल्याकडे जि.प.च्या प्रशाला इतक्या. चार पैसे उभे करायला आपल्यामागे संस्थाचालक नाही. गावालाच पुढे व्हावं लागतं.

---

शिवार_७२ | ३० जून, सकाळी ११:०५

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मीही शिक्षक आहे, शेजारच्या जिल्ह्यात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकसंख्या ठरते तेव्हा, पदं जातात, शिक्षक अतिरिक्त ठरतात, एकाच माणसाला विज्ञान-गणित-इंग्रजी ओढावं लागतं. पट टिकवायचा तर पालकांना निकाल दाखवावा लागतो. इंग्रजी शाळांची पिवळी बस गावात येऊन उभी राहते तेव्हा आमच्याकडे दाखवायला तो फ्लेक्सच असतो. म्हणून आराखड्यात दहावी पहिली. जादा तास, तीन सराव परीक्षा, मागच्या प्रश्नपत्रिका, ३५ च्या काठावरच्या मुलांवर वेगळी मेहनत. आम्ही हे करतो आणि त्याने मुलं तरतात. नववी महत्त्वाची आहेच, पण माणसं तेवढीच आहेत.

---

बालाघाट | ३० जून, दुपारी २:३०

शिवार सर, राग कसला. संचमान्यतेचं तुम्ही म्हणता ते आमच्याही मुख्याध्यापकांच्या डोक्यावर टांगलेलं आहे.

पण निकालाच्या टक्क्यावर किती भार टाकायचा? २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ होता, २०१९ ला तो ७७.१० वर आला आणि २०२० ला परत ९५.३०. एका वर्षात महाराष्ट्रातली पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली असं तर नाही. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण काढले होते, ते पुढच्या वर्षी परत दिले. गुणांची पद्धत बदलली की टक्का बारा-अठरा हलतो. आणि हा टक्का परीक्षेला बसलेल्यांचा. आमच्या फ्लेक्सवरच्या आकड्यात ती अकरा मुलं कुठेच नाहीत. त्यांना धरलं तर ४२ पैकी २९, म्हणजे ६९ टक्के.

तुमच्याच मुद्द्यावर येतो. नववीतली नऊ मुलं टिकली असती तर दहावीचा पट ४० झाला असता. पट वाचवायचा म्हटला तरी रस्ता नववीतूनच जातो.

---

शिवार_७२ | ३० जून, दुपारी ३:१०

हे खरं आहे. पटाच्या बाजूने मी असा विचार केला नव्हता. पण जादा तास सोडू नका.

---

वाढं | ३० जून, रात्री ११:२०

कामावरून आत्ता आले. सगळं वाचलं आणि झोप येईना, म्हणून लिहिते. मी नर्स आहे. आईवडील ऊसतोडीला जायचे, वीस-एक वर्षं गेले. मी नववी-दहावी आजीजवळ राहून केली.

आईवडील दसरा झाला की सांगलीकडे जायचे आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की पाडव्याच्या आसपास यायचे. घरात आजी, मी आणि धाकटा भाऊ. आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं. सकाळी उठून हापशावरून पाणी, दोन शेळ्या सोडायच्या, भाकरी करायच्या, भावाला आवरून पाठवायचं. मग मी निघायची. शाळेला पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा. आणि पहिला तास रोज गणिताचा होता. सोमवारी गणित, मंगळवारी गणित, शनिवारी पण गणित. आईवडील गेल्यापासून मी गणिताचा एकही तास पूर्ण पाहिला नव्हता. हजेरीही पहिल्या तासालाच व्हायची, म्हणून मी शाळेत असून पटावर गैरहजर.

सगळ्यांना वाटायचं या पोरीला गणित येत नाही. मलाही तसंच वाटायचं.

डिसेंबरात एक बाई घरी आल्या. ओरडायला आल्या असं समजून मी शेळ्यांच्या मागे लपले होते. त्या आजीजवळ बसल्या, चहा घेतला, घर बघितलं, चुलीवरचा तवा बघितला. काही बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारी वेळापत्रक बदललं होतं. पहिल्या तासाला चित्रकला आणि शारीरिक शिक्षण आलं, गणित तिसऱ्या तासाला गेलं. हजेरी दुसऱ्या तासाला घ्यायला लागले. यासाठी ना निधी लागला ना ठराव. मी दहावीला गणितात ५८ मार्क पाडले.

आराखड्यात हे लिहा दादा. जी मुलं उशिरा येतात ती रोज कुठला तास गमावतात, ते बघा.

दुसरी गोष्ट रात्रीची. घराला कडी होती पण दार हलायचं. शेजारच्या काकू दोन महिने आमच्याकडे येऊन झोपल्या, म्हणून आईने मला मागे ठेवलं. नाहीतर तिने मला बरोबर नेलं असतं किंवा उजवलं असतं. माझ्या वर्गातल्या दोघींची त्याच दिवाळीत लग्नं झाली. लोक म्हणतात आईबाप अडाणी आहेत. माझी आई अडाणी नव्हती, तिला भीती वाटत होती. जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की नवरा-बायको दोघांना जावंच लागतं, मग वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? पोरीला रात्री झोपायला सुरक्षित जागा आणि ओळखीची बाई मिळाली तर निम्मी लग्नं आपोआप थांबतील, असं मला माझ्या घरावरून वाटतं.

---

कोरा_फळा | १ जुलै, सकाळी ८:००

वाढं ताई, हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. वेळापत्रकाची गोष्ट मी आजच आमच्या शाळेत बोलतो.

---

खडू_डस्टर | १ जुलै, सकाळी ९:१५

ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं. पाचवीपासून पुढच्या मुलांना प्रवेश आहे, म्हणजे नववी-दहावीची अडचण इथे सुटू शकते. तुमच्या तालुक्यात कुठे सुरू आहे, जागा किती शिल्लक आहेत, ते समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. ऊसतोड कामगार म्हणून आईवडिलांची नोंद आणि ग्रामसेवकाचं ओळखपत्र लागतं. ही कागदपत्रं दिवाळीत काढायला गेलात तर माणसं निघून गेलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्येच करा.

लग्नाचं म्हणाल तर गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवकच असतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलींच्या वर्गात भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. आमच्या शाळेत एका मुलीने स्वतःच फोन केला होता.

---

लाल_डबा | १ जुलै, दुपारी १:४०

मी एसटीत वाहक आहे. शिवार सर जादा तास म्हणाले म्हणून लिहितो.

मुलींसाठी शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस असते. शाळा सुटल्यावर ठरल्या वेळेला निघते. शाळांनी पाच ते सहा जादा तास ठेवला की वाडी-तांड्यावरच्या मुली एक तर तास बुडवतात नाहीतर बस. बस गेली की अंधारात चालत जाणार कोण, म्हणून तासच बुडतो. आमच्या मार्गावर मी दोन हिवाळे हे बघितलंय. जादा तासाला गावातल्या मुली आणि मुलगे राहायचे, बसमध्ये बसलेल्या मुली मला विचारायच्या, "काका, दहा मिनिटं थांबता का?" मला थांबता येत नव्हतं.

उपाय आहे. शाळेने समितीच्या ठरावाची प्रत जोडून आगार व्यवस्थापकांना आताच पत्र द्यावं, 'अमुक तारखेपासून बस इतक्या वाजता सोडावी'. वेळापत्रक बसवतानाच सांगितलं तर जमतं. जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या तोंडावर पत्र आलं तर गाडी दुसऱ्या फेरीला लावलेली असते. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, मुलग्यांना भाड्यात दोन तृतीयांश सवलत. पास शाळेतच काढून द्यायची सोय आहे, तीही विचारा.

---

शिवार_७२ | १ जुलै, रात्री ९:३०

लाल_डबा दादा, आमच्या जादा तासाला मुली कमी असतात हे मी पाच वर्षं बघतोय आणि 'मुली घाबरतात, घरकाम असतं' अशी कारणं देत आलोय. बसची वेळ मी एकदाही तपासली नाही. उद्याच बघतो.

---

मुळाक्षर | २ जुलै, सायंकाळी ७:५०

नववीला मराठी आणि गरज पडली तर गणितही शिकवते, जि.प.लाच. आतापर्यंत मुलांना शाळेत ठेवण्याबद्दल बोलणं झालं. वर्गात बसलेल्या मुलाला पुढ्यातलं वाचता येत नसेल तर तो किती दिवस बसेल, त्याबद्दल मला लिहायचंय.

'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२३ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली होती. त्यांतल्या जवळपास चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३.३ टक्क्यांनाच जमलं होतं. आमच्या वर्गात मला हेच दिसतं. ज्याला भागाकार येत नाही त्याच्यापुढे बहुपदींचा भागाकार येतो.

दर जूनमध्ये मी पहिल्या आठवड्यात नववीच्या प्रत्येक मुलाला एकट्याने जवळ बसवून एक परिच्छेद वाचून घेते आणि दोन भागाकार करून घेते. एकाला सात-आठ मिनिटं. व्हरांड्यात, बाकीच्यांच्या नजरेआड. हे फार महत्त्वाचं आहे. चौदा वर्षांच्या मुलाला वर्गापुढे अडखळत वाचायला लावलं तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. मग जे मागे आहेत त्यांच्यासाठी रोज चाळीस मिनिटं, वेळापत्रकातच. वर्गाला नाव देत नाही. 'मागे पडलेल्यांचा तास' म्हटलं की संपलं.

मजकूर त्यांच्या आयुष्यातला घेते. एसटीचं वेळापत्रक, खताच्या पिशवीवरची माहिती, रेशन दुकानाबाहेरची पाटी. मागच्या वर्षी भागाकार शिकवताना फळ्यावर उचलीचं गणित घातलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये. उचल एक लाख. किती दिवसांत फिटेल? एक मुलगा, जो एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो, तो फळ्यापाशी आला. त्याने ७३२ चा पाढा बाजूला मांडला, एक-एक अंक खाली उतरवला आणि उत्तर काढलं, १३७ दिवस. मग खडू हातात धरूनच म्हणाला, "बाई, म्हणजे होळीपर्यंत सगळं मुकादमाचंच." वर्ग गप्प झाला. मीही काही बोलू शकले नाही. त्या मुलाने त्यानंतर भागाकाराची दोन पानं स्वतःहून सोडवून आणली.

आठवीसाठी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचंही आराखड्यात घ्या. वर्षाला १२ हजार, बारावीपर्यंत चार वर्षं. आईवडिलांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. परीक्षा साधारण डिसेंबरात असते, म्हणजे तयारी दिवाळीआधी. हे पैसे सुरू झालेलं मूल नववीत सहसा सुटत नाही, असं मी माझ्या वर्गात बघितलंय. मराठा-कुणबी समाजातली जी मुलं पास होऊनही या शिष्यवृत्तीतून थोडक्यात राहतात त्यांना सारथी या शासकीय संस्थेकडून वर्षाला ९,६०० मिळतात, तेही सांगा. कित्येक पालकांना ठाऊक नसतं.

---

दुसरा_बाक | २ जुलै, रात्री १०:४०

१७ नंबरवाल्या दोघांबद्दल. मी त्यातलाच. वेगळं गाव, वेगळी शाळा.

नववीला काठावर होतो. मे महिन्यात वडिलांना बोलावून सांगितलं की याला बाहेरून बसवा, इथे निकालावर परिणाम होतो. वडिलांनी हात जोडले आणि सही केली. मला पुस्तकं घेऊन घरी बसायला सांगितलं. कोण शिकवणार? दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटलो, तेही गावातल्या एका दादाने रोज संध्याकाळी बसवलं म्हणून. आता आयटीआय करून कामाला आहे.

त्या दोघांची नावं तुमच्याकडे असतील. त्यांच्या घरी जा. फॉर्म भरलाय म्हणजे अजून शिकायचंय त्यांना.

---

बालाघाट | ३ जुलै, सकाळी ७:१०

दुसरा_बाक, आज दुकान उघडायच्या आधी जाऊन येतो.

---

बालाघाट | १३ जुलै, रात्री ८:२०

काल समितीची बैठक झाली. सविस्तर लिहितो, कारण तुम्हा सगळ्यांची वाक्यं तिथे बोलली गेली.

बैठकीला मी दोन्ही हजेरीपट घेऊन गेलो आणि टेबलावर उघडून ठेवले. आधी थोडी चुळबुळ झाली. एक सदस्य म्हणाले, पोरं गेली त्यात शाळेचा काय दोष. मी म्हटलं, दोष कुणाचाच काढायचा नाही, फक्त नावं वाचू. पंधरा नावं वाचली. गाव लहान आहे, प्रत्येक नावाला कुणीतरी म्हणत होतं, "हा आमच्या भावकीतला", "ही माझ्या मेव्हण्याची". तिथून पुढे फ्लेक्सचा विषय निघालाच नाही.

छापील नमुना भरायचा आहेच, तो भरू. पण पहिल्या पानाच्या आधी एक यादी जोडायची ठरली: यंदाच्या आठवी-नववी-दहावीतल्या कुणाकुणाचे आईवडील दिवाळीनंतर बाहेर जाणार, मूल कुणाजवळ राहणार, त्या घरातलं मोठं माणूस कोण, फोन कुठला. ही यादी घरोघर जाऊन करायची. सुरुवात केली, आजपर्यंत सतरा घरं झाली. प्रत्येक मुलाला एक शिक्षक नेमून दिला, जो आठवड्यातून एकदा रात्री नऊनंतर आईवडिलांना फडावर फोन करेल. त्या वेळेला उसाची गाडी खाली करून माणसं कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आलेली असतात, असं आमच्यातल्याच एका बापाने सांगितलं.

वेळापत्रक बदललं. नोव्हेंबरपासून पहिल्या तासाला गणित, विज्ञान, इंग्रजी नाही. हजेरी दुसऱ्या तासाला. गणिताच्या सरांची थोडी नाराजी होती, सकाळी डोकं ताजं असतं असं त्यांचं म्हणणं, ते चूक नाही. वाढं ताईंचं लिखाण मोबाइलवर त्यांना वाचायला दिलं. वाचून झाल्यावर म्हणाले, करा बदल.

जादा तास संध्याकाळचा रद्द. शाळेच्या वेळेतच चाळीस मिनिटं काढली. तरीही बसच्या वेळेबद्दल आगाराला पत्र गेलं, पोच मिळाली.

जेवणाचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत येईल. सरपंच हो म्हणाले आहेत, पण पैसे कधी मिळतील याचा नेम नाही. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचं धान्य गावातून गोळा करतोय. ज्वारी-तांदळाची आठ पोती कबूल झाली आहेत. स्वयंपाकाच्या मावशींना वाढीव कामाचे पैसे द्यायचे, फुकट राबवायचं नाही, हेही लिहून घेतलं.

मुलींच्या झोपण्याचं अजून सुटलेलं नाही. वसतिगृहासाठी सहा जणींची कागदपत्रं काढायला घेतली, त्यातल्या दोघींच्या घरून नकार आहे, लांब पाठवायची तयारी नाही. गावातच दोन घरं बघितली आहेत, जिथे मोठी बाई आहे आणि तीन-चार मुली झोपू शकतील. पण जबाबदारी कुणाची, यावर बैठकीत एकमत झालं नाही. पुढच्या बैठकीत परत घेणार आहे.

१७ नंबरवाल्या दोघांपैकी एक जण शाळेत येऊन बसायला लागला. पटावर नाव नाही, पण मुख्याध्यापकांनी बसू दिलं. दुसरा गावात नाही, त्याच्या आईचा नंबर घेतलाय.

वाचनाची चाचणी मुळाक्षर ताईंनी सांगितली तशी घेतली, व्हरांड्यात, एकेकाची. माझी मुलगीही त्यात होती. तिला भागाकार नीट येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. आता रोज दुकान बंद केल्यावर आम्ही दोघं बसतो.

---

वाढं | १३ जुलै, रात्री ११:४५

दादा, डोळ्यांत पाणी आलं. त्या सतरा घरांतल्या आज्यांना कुणी विचारत नाही. बीपी, साखर, डोळे, काहीच तपासलेलं नसतं. आजी आडवी पडली की पोरीची शाळा सुटतेच. नोव्हेंबरात मला एका रविवारची सुट्टी काढता येईल. मी मशीन घेऊन येते, सगळ्यांचं तपासून देते. मुलींशीही बोलेन.

---

बालाघाट | १४ जुलै, सकाळी ६:३०

९ नोव्हेंबरला रविवार आहे ताई. सकाळची एसटी पावणेअकराला पोचते, मी फाट्यावर थांबतो. जेवण आमच्याकडे. सतरा घरं पायी फिरायला दिवस पुरणार नाही, म्हणून आज्यांना शाळेतच बोलावतो. ज्यांना चालवत नाही अशा तिघी आहेत, त्यांच्याकडे मोटारसायकलवर जाऊ.